मेणाचें ओतकाम आणि शेतकऱ्याचा पंप

ओतीव लोखंड शेतकऱ्यास नवें नाहीं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर गांवोगांव गेला तेव्हांपासून वाळूच्या सांच्यांत ओतलेल्या वस्तु आपल्या वापरांत आहेत. परंतु पंपांच्या माहितीपत्रकांत हल्लीं 'इन्व्हेस्टमेंट कास्टिंग' असे शब्द आढळतात व त्यांच्या नांवावर जादा दाम मागितला जातो. तो कोठें द्यावा आणि कोठें देऊं नये, याचा विचार खरेदीपूर्वींच झालेला बरा.

हें मेणाच्या सांच्याचें ओतकाम होय. हवी ती वस्तु प्रथम धातूच्या ठशांत मेण दाबून मेणाची करतात. अशा अनेक वस्तूंचा घोस मेणाच्या दांड्यास चिकटवून तो उष्णता सोसणाऱ्या बारीक पुडीच्या राब्यांत बुडवितात, वर वाळू भुरभुरतात व वाळवितात. असें अनेकदां केलें म्हणजे कठीण कवच बसतें. मग वाफेनें मेण काढून टाकावयाचें, कवच भट्टींत भाजावयाचें आणि तें तप्त असतांनाच त्यांत रस ओतावयाचा. रस थिजला कीं कवच फोडतात. सांचा उघडून वस्तु काढावयाची नसल्यामुळें वळणावळणाचे आकार साधतात, आणि २५ मिलिमीटरच्या मापांत फरक ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास राखतां येतो.

ही विद्या परकी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मेणाच्या मूर्तीवर माती लिंपून धातु ओतण्याची रीत दिली असून, मेण तोलून त्याच्या किती पट धातु घ्यावा हेंही सांगितलें आहे. बस्तरचे कारागीर आजही तसें काम करतात. पश्चिमेकडे १९०७ सालीं विल्यम टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्यानें दांतांतील सोन्याच्या भरणासाठीं ती पुढें आणली. दुसऱ्या महायुद्धांत ती विमानांच्या यंत्रांकडे वळली.

आपल्या दृष्टीनें खरा प्रश्न पंपाच्या इंपेलरचा आहे. दोन तबकड्यांच्या मधलीं वांकडीं पातीं जितकीं गुळगुळीत व सारखीं, तितकें त्याच विजेंत पाणी अधिक चढतें. स्टेनलेस पोलाद कातणें कष्टाचें असतें. तें मुळांतच मापांत ओतलें गेलें तर कातकाम थोडें राहतें. ऐन वैशाखांत बोअरवेलमधला पंप वर काढावा लागला म्हणजे इंपेलरच्या किंमतीपेक्षां काढण्या-सोडण्याचा खर्च व वाळणारा ऊस हेंच मोठें नुकसान ठरतें. येथें जादा दाम द्यावा. मात्र वाळू येणाऱ्या बोअरमध्यें कोणताही इंपेलर झिजतोच. तेथें आधीं जाळीची व्यवस्था पाहावी.

उलट पंपाचें जाड कवच, पुली, बैठक यांस ही रीत व्यर्थ आहे. तीं कामें कोल्हापूरच्या ओतशाळा वाळूच्या सांच्यांत स्वस्त व उत्तम करतात. नांगराच्या फाळास तर घडीव पोलादच हवें.

आणखी एक गोष्ट. रीत चांगली म्हणून धातु चांगला, असें मुळींच नाहीं. बिलावर धातूची प्रत लिहून घ्यावी: साध्या पाण्यास सीएफ८, खारट पाण्यास सीएफ८एम. लोहचुंबक लावून परीक्षा करण्याची चाल आहे, पण ओतीव स्टेनलेस उत्तम असूनही चुंबकास किंचित् ओढलें जातें; त्यावरून माल परत करणें अन्यायाचें होईल, आणि न ओढला गेलेला माल निर्धास्तपणें घेणें भोळेपणाचें.

ठशाचा खर्च मोठा असल्यामुळें एकट्यादुकट्याच्या भागासाठीं हें काम परवडत नाहीं. जुन्या यंत्राचा एकादा भाग बाजारांत मिळेनासा झाला कीं चांगलें यंत्र भंगारांत जातें, तें यामुळेंच. शंभर सभासदांची मागणी एकत्र झाली तर ठशाचा भार विभागला जातो. थोड्या नगांसाठीं ठशाशिवाय, संगणकाच्या साह्यानें थरावर थर चढवून नमुना करणारीं यंत्रेंही आतां आहेत. तालुक्याच्या सहकारी संघांनीं या हंगामापुरती तरी अशा मोडक्या भागांची नोंदवही ठेवावी. कोणता भाग किती जणांस हवा हें कळल्यावर ओतशाळेशीं दराची बोलणी करतां येतील.