मुक्काम आणि पाठीमागचे दार

गेल्या हिवाळ्यात मुंबईत एका चर्चासत्राच्या निमित्ताने आम्हांस शनिवार-रविवारचा मुक्काम समुद्राकाठच्या एका नव्या हॉटेलात करण्याचा योग आला. खर्च आयोजकांचा होता. एरवी हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसास अशा ठिकाणी उतरण्याचे कारण पडत नाही. खोली सातव्या मजल्यावर, भिंतभर काच आणि काचेपलीकडे पाणीच पाणी. सायंकाळी आम्ही खुर्ची ओढून बसलो आणि प्रवासवर्णनकारास शोभेल असे एक वाक्य मनाशी जुळवू लागलो. ते वाक्य पुरे झाले नाही, त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेख.

आमचा एक जुना विद्यार्थी, सेनगाव तालुक्यातला, त्याच हॉटेलच्या लॉन्ड्रीत कामास आहे हे आम्हांस तेथे गेल्यावर कळले. आम्ही त्यास स्वागतकक्षात बोलावले. तो आला नाही. त्याचा फोन आला : ‘सर, आम्हाला पुढं येता येत नाही. तुम्हीच मागं या.’ पाहुण्यांच्या भागात कामगारांनी थांबू नये असा तेथील नियम. आम्ही इमारतीस वळसा घालून गल्लीत गेलो. कचऱ्याच्या गाड्या, भाजीचे टेम्पो आणि ओळखपत्र तपासणारा पहारेकरी ओलांडून एक लहानसे लोखंडी दार होते. तेथल्या टपरीवर आम्ही चहा घेतला. समुद्र कसा वाटतो, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘आवाज येतो सर. दिसत नाही.’

आमच्या जिल्ह्यातल्या माणसास या प्रसंगी औंढा नागनाथ आठवल्याशिवाय राहणार नाही. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करण्यास मनाई झाली, ते देवळामागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका आमच्याकडे लहान मूलही सांगते. तेथील नंदी देवळाच्या समोर नसून मागे आहे, हा तिचा पुरावा म्हणून दाखवला जातो. याच औंढ्यास नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले अशी परंपरा आहे, आणि त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी कयाधूच्या काठी आमच्याच जिल्ह्यात आहे.

गंमत अशी की मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलासंबंधीही अशीच एक फिरलेल्या इमारतीची कथा प्रचलित आहे. हे हॉटेल १९०३ साली उघडले. नकाशा उलटा वाचला गेल्याने समोरची बाजू मागे गेली आणि वास्तुकाराने जीव दिला, असे आजही सांगतात. या कथेला आधार नाही. मूळ प्रवेशद्वार मुद्दामच शहराच्या बाजूस ठेवले होते. आज तेथे पोहण्याचा तलाव आहे. गेटवे ऑफ इंडिया तर १९२४ साली खुले झाले, म्हणजे हॉटेल त्याच्याही आधीचे.

दोन्ही कथांचा प्रश्न एकच आहे : इमारतीचे तोंड कोणाकडे? मात्र उत्तरे निरनिराळी आहेत. औंढ्याच्या कथेत देऊळ वळते ते बाहेर काढलेल्या माणसासाठी. मुंबईच्या कथेत वळण ही चूक ठरते, कारण देखावा हा पुढल्या बाजूचाच हक्क, असे सांगणाऱ्याने आधीच गृहीत धरलेले असते.

आता साहित्याकडे येऊ. मुक्कामाविषयी लिहिण्याची मराठीतली रीत फार जुनी आहे. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी कोठे राहिले याची नोंद आहे, दार कोणत्या दिशेस, आसन कोठे, हे सारे त्यात येते. ‘अवस्थान’ आणि ‘वसती’ असा दीर्घ आणि एका रात्रीच्या मुक्कामातला भेदही त्या परंपरेने जपला. विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मध्येही आपण कोणाच्या आश्रयाने राहिलो, याचा विसर लेखकास पडत नाही. हे पुस्तक १८८३ साली लिहिले गेले आणि १९०७ साली छापले गेले. अलीकडच्या प्रवासलेखनात मात्र खिडकी उरली आणि दार गेले, असे आम्हांस वाटते. सूर्यास्त येतो, न्याहारीचे पदार्थ येतात. चादर कोणी धुतली हे येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की दोन दिवस विसाव्यास गेलेल्या माणसाने एवढे ओझे का वाहावे? आक्षेप रास्त आहे. सौंदर्य पाहणे हा गुन्हा नव्हे, आणि तो समुद्र आम्हांसही सुंदरच वाटला. प्रश्न अपराधाचा नाही, वर्णनाच्या खरेपणाचा आहे. जे वर्णन इमारतीची एकच बाजू सांगते ते ललित असेल, पण अपुरे असते. आणि अपुरेपण लपवून लिहिलेले गद्य हळूहळू जाहिरातीच्या भाषेत बोलू लागते.

आमचीही कसोटी लागलीच. समारोपात आयोजकांनी निवासव्यवस्थेविषयी दोन शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा आम्ही समुद्राविषयी बोललो. मागच्या दाराविषयी बोललो नाही; त्या मुलाच्या नोकरीस धक्का लागेल अशी भीती वाटली, असे आम्ही स्वतःस सांगितले. ते खरे होते, पण पुरते खरे नव्हते. यजमानांसमोर अवघडल्यासारखे होऊ नये, हेही कारण होते.

परत आल्यावर प्रथम वर्षाच्या वर्गास आम्ही एक निबंध दिला : आपण जेथे एक रात्र राहिलो त्या जागेचे वर्णन करा, मात्र तिला दारे किती आणि कोणत्या दारातून कोण येते, हे सांगितल्यावाचून खिडकीकडे जाऊ नका. वह्या अजून तपासावयाच्या आहेत. वरची अर्धीच वही आमची स्वतःची आहे.