रात्री लेन्स, दिवसा चष्म्याला सुट्टी. पण नंबर जातो का?

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी अनेक घरांत नव्या दप्तराबरोबर चष्म्याचा वाढलेला नंबरही येतो. मग नागपूरचे पालक विचारतात, ‘रात्री लेन्स घातली की दिवसा चष्मा लागत नाही, हे खरे का?’ खरे आहे, पण अर्धेच.

नेमके काय होते?
या पद्धतीला ऑर्थोकेराटोलॉजी, थोडक्यात ‘ऑर्थो-के’ म्हणतात. ऑक्सिजन आरपार जाऊ देणारी, खास घडणीची कडक लेन्स झोपताना घालायची आणि सकाळी काढायची. रात्रभरात ती कॉर्नियाचा, म्हणजे बाहुलीसमोरच्या पारदर्शक पडद्याचा मधला भाग किंचित सपाट करते. बदल काही मायक्रॉनचाच. पण तेवढ्याने दिवसा फळ्यावरचे स्पष्ट दिसते. लेन्स बंद केली की कॉर्निया हळूहळू मूळ आकारात येतो आणि नंबरही परततो.

मग फायदा कोणता?
मुलांचा नंबर वाढतो तो मुख्यतः नेत्रगोल लांब होत जातो म्हणून. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, साधा चष्मा वापरणाऱ्यांच्या तुलनेत ही वाढ दोन वर्षांत ४३ टक्के कमी आढळली. म्हणजे वेग मंदावतो, थांबत नाही. मोठ्या नंबरात पुढे दृष्टिपटल सुटण्याचा धोका वाढतो, म्हणून हे मंदावणेही मोलाचे.

धोका कुठे?
पाण्यात. नळाचे, आरओचे किंवा माठातले, कोणतेच पाणी लेन्सला लागू नये. पाण्यातल्या अकँथअमीबासारख्या जंतूंचा संसर्ग दृष्टी कायमची अधू करू शकतो. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, लेन्स डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणानेच स्वच्छ करायची. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा.

निर्णय कशावर घ्यावा?
‘चष्म्यापासून मुक्ती’च्या जाहिरातीवर नको. कॉर्नियाची तपासणी तर हवीच. पण ही स्वच्छता रोज रात्री, परीक्षेच्या काळातही, घरातले मोठे माणूस पाहणार आहे का, हा खरा प्रश्न आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर चष्माच बरा.

चष्मा लागण्याआधीचा उपाय मात्र फुकट आहे: रोज सुमारे दोन तास मोकळ्या उजेडात खेळ. नागपूरच्या ४५ अंशांत दुपारी ते शक्य नाही. उरतात सकाळ आणि संध्याकाळ. त्याही ट्यूशनला देऊन टाकायच्या का, हे पालकांनीच ठरवायचे आहे.