राजधानीत मुक्काम

कोरपन्याचा माणूस चंद्रपूरला जातो तो कामालाच. जातीचा दाखला, कोर्टाची तारीख, दवाखान्यातली तपासणी, नाहीतर लग्नाचा बस्ता. सकाळच्या एसटीत बसायचं, गडचांदूर, राजुरा, बल्लारपूर करत उतरायचं, काम आटोपायचं आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून घड्याळाकडे बघत राहायचं. निव्वळ शहर पाहायला चंद्रपूरला गेलेला माणूस आमच्या भागात क्वचितच सापडेल.

यंदा दिवाळीच्या सुमारास शेजारच्या वहिनी व्हिएन्नाहून परतल्या. त्यांचा मुलगा इथल्याच शाळेत शिकला, आता युरोपात नोकरीला आहे. त्यानं आईला ऑस्ट्रियाची राजधानी दाखवली. वहिनी रंगून सांगत होत्या. शहराच्या मधल्या भागाला वळसा घालणारा रुंद रस्ता, त्यावरून धावणारी ट्राम, दोन्ही बाजूंना संग्रहालयं आणि नाट्यगृहं. त्या रस्त्याच्या जागी पूर्वी तटबंदी होती, हेही मुलानं त्यांना सांगितलं होतं. तुर्कांच्या फौजांनी १५२९ आणि १६८३ मध्ये वेढा घातला तेव्हा तटबंदीनंच व्हिएन्ना राखलं. पुढे डिसेंबर १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफनं ती पाडायचा हुकूम काढला आणि तिच्या जागेवर हा रस्ता उभा राहिला. वहिनींनी तिथे मुक्काम केला, रोज सकाळी पायी निघाल्या, एकेका दारापुढे थांबून हे कुणी बांधलं ते विचारलं. त्यांचं ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, हे सगळं आपल्याही राजधानीत, गोंड राजांच्या चंद्रपुरात, करायला हवं. तिची तटबंदी तर अजून उभी आहे. थंडी पडल्यावर मी बॅग भरली.

तिथे भानापेठेत माझी मावसबहीण राहते. तिला फोन केला तर पहिला प्रश्न, "काऊन जी, काम काय काढलं?" काम काहीच नाही, गाव पाहायला येते म्हटल्यावर तिला आधी खरंच वाटेना. मग मात्र तिनं सुट्टी काढली आणि सगळीकडे माझ्याबरोबर फिरली.

आमच्या एसटीची वाट ही गोंड राज्याच्या इतिहासाचीच वाट आहे. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड घराण्याची पहिली राजधानी सिरपूर. ते आता तेलंगणात आहे. मेजर ल्युसी स्मिथनं १८६९ च्या आपल्या अहवालात गोंडांच्या कथा आणि वंशावळ्या टिपून ठेवल्या आहेत. त्यात घराण्याचा मूळपुरुष भीम बल्लाळसिंह आणि त्याचं बळकट ठाणं म्हणून आपला माणिकगड येतो. गडचांदूरच्या डोंगरात उभा असलेला तोच माणिकगड, ज्याच्या पायथ्याच्या चुनखडीवर आज सिमेंटचे कारखाने चालतात. पुढे राजधानी वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरला आली आणि तिथून चंद्रपूरला. म्हणजे राज्य आपल्या बाजूनं उगवलं आणि पलीकडच्या तीरावर मोठं झालं.

मग ही राजधानी आपल्याला परकी का वाटावी? एक कारण मला दिसतं. राजुऱ्याचा हा सगळा पट्टा, त्यात कोरपना आणि जिवतीही आले, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. नदीपलीकडे इंग्रजांचा चांदा जिल्हा आणि अलीकडे हैदराबाद संस्थान. आमच्या आजोबा-पणजोबांची कचेरी आदिलाबादकडे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात आलं आणि काही वर्षांनी चांदा जिल्ह्याला जोडलं गेलं. त्यानंतर चंद्रपूरशी आपलं नातं जुळलं ते जिल्ह्याच्या ठिकाणाशी, साहेबाच्या सहीशी. राजधानीशी जुळायचं राहूनच गेलं.

वाटेत बल्लारपूरला उतरून किल्ला पाहिला. वर्ध्याच्या काठावर तो उभा आहे. भोसल्यांनी १७५१ मध्ये चांदा घेतल्यावर शेवटचा गोंड राजा नीळकंठशहा इथेच कैदेत पडला. ज्या किल्ल्यात घराणं मोठं झालं, तिथेच त्याचा शेवट झाला. नदीकडच्या अंगाला थोडा वेळ थांबले आणि पुढची गाडी धरली.

चंद्रपूर कसं वसलं याची कथा आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगभर गाठी आणि फोड. शिकारीच्या नादात तो तहानेनं व्याकूळ झाला, झरपटीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी दिसलं, तो प्याला, तोंड धुतलं. त्या रात्री त्याला कित्येक वर्षांनी शांत झोप लागली. सकाळी फोड ओसरलेले राणीला दिसले. तिनं जागा शोधायला लावली, तेव्हा कातळात गाईच्या खुरांसारखे पाच खळगे पाण्यानं भरलेले सापडले. तिथेच आज अंचलेश्वराचं देऊळ आहे. पुढे राजाला कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा शिकारी कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. राजानं घरी येऊन सांगितलं, आणि पुन्हा राणीच म्हणाली, ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेवर परकोट बांधा, आत शहर वसवा. काळ पंधराव्या शतकाच्या अखेरचा. कथेत राजा शिकार करतो, पाणी पितो, झोपतो. शहराचा विचार मात्र राणी करते. मला या कथेतली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

परकोट सुमारे ११ किलोमीटरचा. चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला इरई नदीच्या बाजूनं बिनबा, आणि झरपटीकडे अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसन. मसन खिडकीतून प्रेतं बाहेर न्यायची. एवढ्या नावांवरूनच त्या शहराचा दिनक्रम डोळ्यांसमोर उभा राहतो.

जटपुरा गेटखालून आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. हॉर्नच्या गदारोळात मान वर करायला कुणाला फुरसत नसते. मी बहिणीला घेऊन सकाळी उजाडताच गेले. रस्ता मोकळा होता, वर्तमानपत्रांचे गठ्ठे तेवढे सुटत होते. कमानीच्या बाजूला दगडात कोरलेला सिंह आहे, हत्तीवर मात करणारा. हत्ती त्याच्यापुढे एवढासा. हे गोंड राजांचं चिन्ह. ऊन तिरपं पडलं होतं, त्यामुळे सिंहाच्या आयाळीची एकेक रेघ सुटी दिसत होती, आणि हत्तीची सोंड कुठे वळली आहे तेही कळत होतं. दुपारी हेच शिल्प सपाट दिसतं. राजधानीत मुक्काम का करायचा, याचं उत्तर मला तिथे मिळालं. कामाला येणारा माणूस पोहोचतो तेव्हा ही वेळ निघून गेलेली असते.

बगड खिडकीजवळ परकोटावर चढता येतं. काही वर्षांपूर्वी या भिंतीवर काटेरी झुडपं आणि कचरा एवढा होता की वर पाय ठेवणं कठीण. मार्च २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी कुदळ-फावडी हातात घेतली आणि रोज सकाळी बुरुज साफ करायला सुरुवात केली. पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये त्यांचं नाव घेतलं. आज तिथून चालताना एका हाताला शहराची छपरं दिसतात, दुसऱ्या हाताला बाहेरच्या वस्त्या, आणि लांब महाऔष्णिक केंद्राचा धूर. भिंत जागोजागी खचलेली आहे, काही ठिकाणी घरं तिला टेकून उभी आहेत. तरी ती आहे. व्हिएन्नाच्या सम्राटाला आपली तटबंदी अडचण वाटली. आपल्याकडे मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅडम्सच्या तोफांनी हिला खिंडार पाडलं, किल्लेदार गंगासिंह लढताना पडला, आणि तरीही ती राहिली.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो अंचलेश्वर गेटजवळ. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर कोरीव शिल्पांचे चौकोनच चौकोन आहेत. शेजारी गोंड राजांच्या समाध्या. त्यात सगळ्यात भव्य समाधी बीरशहाची, आणि ती बांधून घेतली त्याच्या राणीनं, हिराईनं. बीरशहाचा खून झाला तो त्याच्याच पदरच्या हिरामण नावाच्या माणसाच्या हातून. गादीला वारस नव्हता. हिराईनं रामशहाला दत्तक घेतलं आणि तो लहान असेपर्यंत कारभार स्वतः चालवला. अठराव्या शतकाची ती सुरुवात. व्हिएन्नात मारिया थेरेसा गादीवर आली १७४० मध्ये, म्हणजे हिराईच्या बऱ्याच नंतर. मारिया थेरेसाचा मोठा पुतळा दोन संग्रहालयांच्या मधोमध आहे, वहिनींनी त्यापुढे उभं राहून फोटो काढला होता. हिराईचं नाव आमच्या तालुक्यातल्या किती मुलींना ठाऊक असेल? तिनं नवऱ्याची समाधी बांधली, महाकालीचं देऊळ नव्यानं उभारलं, राज्य मोडू दिलं नाही. समाधीच्या आत गार अंधार होता. बाहेर ओट्यावर दोन शाळकरी पोरी डबा खात बसल्या होत्या. बहिणीनं त्यांना विचारलं, "हे कोणी बांधलं, माहीत आहे का बाई?" एक म्हणाली, "राजानं." बहिणीनं तिथेच बसून त्यांना हिराईची गोष्ट सांगितली. पोरींनी डबा बाजूला ठेवून ऐकली.

महाकालीच्या देवळात आपल्याकडची माणसं जातातच. चैत्रात तर नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून लोकांची रीघ लागते. देवळाच्या शिखरावर देवगडकडे तोंड केलेलं एक दगडी शीर असल्याची कथा आहे. बीरशहाच्या लेकीचा अपमान करणाऱ्या देवगडच्या दुर्गपालाला त्यानं लढाईत मारलं आणि त्याचं शीर देवीला वाहिलं, त्याची ही खूण. पुढच्या वेळी दर्शन झाल्यावर मान जरा वर करा.

लालपेठेत उघड्यावर पडलेल्या प्रचंड मूर्तींपाशी मात्र फार कमी लोक पोहोचतात. रायप्पा नावाच्या वैश्यानं मोठं शिवालय बांधायचं मनावर घेतलं, मूर्ती घडवून घेतल्या, आणि देऊळ उभं राहण्याआधीच तो गेला. म्हणून याला अपूर्ण देवालय म्हणतात. सगळ्यात मोठी मूर्ती दहा तोंडांच्या दुर्गेची, लांबी पंचवीस फुटांच्या आसपास. लोक तिला रावण समजतात. ती एकाच दगडातून काढलेली आहे आणि आडवी आहे, त्यामुळे तिच्याभोवती फिरूनच ती पाहावी लागते. बोटांवरची नखंसुद्धा घडवलेली. दर्शनाला उभी राहायच्या आधीच तिचा कारागीर थांबला. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, ट्रकांची धूळ. एवढं मोठं काम असं उघड्यावर असणं मला सहन झालं नाही.

शेवटी कारागृह. गोंड राजांचा राजवाडा होता तिथे आज तुरुंग आहे. याच ठिकाणी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबूराव शेडमाके यांना फाशी दिली गेली. जन्म १८३३ चा, म्हणजे वय अवघं पंचवीस. व्हिएन्नात सम्राट तटबंदी पाडत होता त्याच काळात इथे एक तरुण आपल्या जंगल-जमिनीसाठी इंग्रजांशी लढून पिंपळाला लटकला. दरवर्षी त्या तारखेला आदिवासी बांधव मोठ्या संख्येनं तिथे जमतात. याच कारागृहाच्या आवारात गैबीशहा वलींचा दर्गा आहे आणि मोहरमला तुरुंगाचं दार सर्वांसाठी उघडतं. तिथल्या विहिरीचं पाणी प्यायला सगळ्या धर्मांचे लोक रांग लावतात. जगातल्या किती राजधान्यांत तुरुंगाचं दार असं उघडत असेल? शहराच्या दुसऱ्या भागात दीक्षाभूमी आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे धम्मदीक्षा दिली. तिथे फार बोलवत नाही, नुसतं बसावंसं वाटतं.

या सगळ्या फिरण्यात एकच उणीव जाणवली. हातात धरून चालता येईल असा साधा नकाशा मला कुठे मिळाला नाही. चार दरवाजे, पाच खिडक्या, समाध्या, लालपेठ आणि कारागृह एका कागदावर मराठीत आणि गोंडीत छापायला असा कितीसा खर्च येतो?

कोरपना, जिवती आणि राजुरा तालुक्यांतल्या शिक्षक बंधू-भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे. या हिवाळ्यात सहल काढाल तर एक मुक्काम चंद्रपूरला ठेवा. पोरांना पहाटे जटपुऱ्याच्या सिंहासमोर उभं करा, परकोटावरून चालवा आणि हिराईनं बांधलेल्या समाधीच्या ओट्यावर डबा खाऊ द्या. फेब्रुवारी संपायच्या आत जा. होळीनंतर चंद्रपूरच्या उन्हात दगडाला हात लावणंही अवघड होतं.