नोंदीविना चाललेले प्रयोग

तान्ह्या मुलांवर वैद्यकीय प्रयोग करू नयेत, निदान आपल्यासारख्या गरीब देशात तरी करू नयेत, असे निक्षून सांगणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. आणि हा वर्ग अडाण्यांचा नाही, तसा दुष्टांचाही नाही, हे आरंभीच मान्य केलेले बरे. त्याची कैफियत थोडक्यात अशी: ज्याला अजून बोलता येत नाही त्याची संमती घेता येत नाही; त्याच्या वतीने संमती देणारे आईबाप प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात भयाने अर्धमेले होऊन उभे असतात, आणि पुढे आलेल्या कागदावर सही केली नाही तर आपल्या लेकराची हेळसांड होईल या धास्तीने मुकाट्याने अंगठा उठवतात; शिवाय असे प्रयोग व्हायचे ते सरकारी वॉर्डांत, तेव्हा जोखीम एकाच्या पदरात आणि लाभ दुसऱ्याच्या, असा हा व्यवहार आहे. यावरून निष्कर्ष काढला जातो तो हा की, मुलांना संशोधनापासून दूर ठेवणे हेच मुलांचे संरक्षण होय.

या कैफियतीला जोडलेले दाखले बनावट नाहीत. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक नामक संस्थेत १९५६ पासून कित्येक वर्षे मतिमंद मुलांना यकृतदाहाच्या विषाणूंचा संसर्ग हेतुपुरस्सर घडविला जात होता, आणि त्यासाठी सबब अशी दिली जात होती की, या संस्थेत राहून त्यांना तो रोग आज ना उद्या जडणारच आहे. आपल्याकडे २००९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस टोचण्यात आली, तेव्हा कित्येक संमतिपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या ठोकल्या होत्या, आणि २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे झाडले. हे प्रकार लाजिरवाणे होते, आणि त्यांची वकिली करण्याचा आमचा यत्किंचितही इरादा नाही.

परंतु खम्ममचे दप्तर जरा बारकाईने चाळून पाहावे. ती मोहीम चालविणाऱ्यांनी तिला प्रयोग म्हटलेच नव्हते. ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ असे एक निरुपद्रवी नाव तिला दिले होते, आणि त्या नावाच्या आडोशाने, चाचणीला लागू असलेले संमतीचे, देखरेखीचे व दुष्परिणामांच्या नोंदीचे निर्बंध बिनबोभाट टाळले गेले, हाच समितीच्या आक्षेपाचा गाभा होता. म्हणजे ज्या प्रकरणाचा पुरावा संशोधनाविरुद्ध म्हणून हजर करण्यात येतो, त्यात अपाय झाला तो संशोधनाचे नियम लावल्यामुळे झाला नसून ते नियम चुकविल्यामुळे झाला. प्रतिपक्षाच्या विचारातील मूळ दोष येथेच आहे. एका बाजूस प्रयोग आणि दुसऱ्या बाजूस निर्धोक, सिद्ध उपचार, अशी निवड आपल्यापुढे असल्याचे तो गृहीत धरतो. वास्तविक पाळण्यातल्या मुलाला जे काही दिले जाते त्याचा पुष्कळसा भाग त्या वयासाठी कोणी कधी नीट तपासून पाहिलेलाच नसतो. तोही प्रयोगच असतो, मात्र त्याला वही नसते, तुलना नसते, आणि मूल दगावले तर त्याचा हिशेब विचारणारेही कोणी नसते.

प्राणवायूचीच हकीकत घ्या. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाची कांती निळसर दिसते, श्वास अडखळतो, तेव्हा त्याला प्राणवायू द्यावा, आणि थोड्याने गुण येतो तर अधिकाने अधिक येईल, हे इतके उघड वाटत होते की चाळीसच्या दशकात अमेरिकेतल्या उत्तमोत्तम रुग्णालयांनी हवाबंद पेट्यांतून तो मुक्तहस्ते दिला. १९४२ साली बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी अशा बालकांच्या डोळ्यांतील एका नव्या विकाराचे वर्णन केले. पुढच्या दहाबारा वर्षांत सुमारे दहा हजार मुले त्या विकाराने आंधळी झाली. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी संशयाचे बोट प्राणवायूकडे दाखविले, आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील अठरा रुग्णालयांनी एकत्र येऊन केलेल्या चाचणीने तो संशय खरा ठरविला. तत्पूर्वी वॉशिंग्टनच्या गॅलिंजर रुग्णालयात डॉक्टर अर्नॉल पॅट्झ यांनी याच प्रश्नावर लहानशी चाचणी मांडली होती, तेव्हाची एक गोष्ट नमूद आहे. कमी प्राणवायूच्या गटातील मुलांना डॉक्टर जिवे मारीत आहेत अशी काही परिचारिकांची खात्री झाली होती, आणि रात्रपाळीत कोणी पाहत नाही असे पाहून त्या बिचाऱ्या त्या मुलांच्या पेट्यांतील प्राणवायूची तोटी गुपचूप वाढवीत असत. त्यांच्या वात्सल्याविषयी शंका घेण्याचे धैर्य कोणाला होणार? पण ज्या हाताने तोटी फिरत होती तोच हात त्या मुलांची दृष्टी हिरावून घेत होता, आणि हे त्या परिचारिकांच्या अंतःकरणाला कळणे शक्य नव्हते; ते दोन गटांच्या शांत मोजणीलाच कळले. (पुढे वैद्यकाने उलट्या दिशेला झोक घेऊन प्राणवायू इतका आखडता दिला की त्यापायी मुले मरू लागली, आणि नेमका किती द्यावा याचा निवाडा करण्यासाठी आपल्या शतकात पुन्हा हजारो बालकांच्या चाचण्या कराव्या लागल्या, हेही सांगितले पाहिजे.)

दुसरा दाखला याहून बोचरा आहे. १९५३ साली न्यूयॉर्कच्या ‘बेबीज हॉस्पिटल’मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बालकांना संसर्ग होऊ नये म्हणून पेनिसिलिनच्या जोडीने सल्फा वर्गातील एक औषध देण्याचा प्रघात होता, आणि ते निर्धोक आहे याविषयी कोणाच्या मनात किंतु नव्हता. विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या प्रतिजैविकाशी त्याची तुलना केली, ती नव्याची परीक्षा व्हावी म्हणून. आणि निघाले भलतेच! जुन्या, विश्वासाच्या औषधाच्या गटात अधिक मुले मेली होती, आणि शवविच्छेदनात त्यांच्यातील पुष्कळांच्या मेंदूत काविळीचा पिवळा रंग उतरलेला आढळला. त्याचे कारण काही वर्षांनी उमगले: रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन काविळीच्या रंगद्रव्याला धरून ठेवते, आणि ते सल्फा औषध त्या प्रथिनावरची जागा बळकावून रंगद्रव्याला मोकळे सोडते, ते मग मेंदूत जाऊन बसते. तुलना झाली नसती तर ते औषध आणखी किती वर्षे, किती पाळण्यांतून, किती सद्भावनेने दिले गेले असते?

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. पोळपाटावर ठेवलेली मोठ्या माणसाची गोळी सुरीने चार तुकडे करून, त्यातला एक तुकडा चमच्यात चुरडून मधातून मुलाला चाटविणारी आई आपल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे, आणि तो चतुर्थांश बहुधा एखाद्या डॉक्टरानेच तोंडी सांगितलेला असतो. मुलाचे यकृत व मूत्रपिंडे ही मोठ्या माणसाच्या अवयवांची लहान आवृत्ती नव्हेत. औषधे पचविण्याची व टाकून देण्याची त्यांची रीत वयाच्या पहिल्या आठवड्यात एक, पहिल्या वर्षात दुसरी, आणि वयात येताना तिसरीच असते. तेव्हा वजनाच्या त्रैराशिकावर सर्व भिस्त ठेवणे हा प्रयोग नव्हे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने तो चतुर्थांश कशावर आधारलेला आहे तेवढे दाखवावे.

येथवर आल्यावर प्रतिपक्षातील चतुर मंडळी माघार घेतात आणि दुसरा मोर्चा बांधतात. संशोधन हवे, पण ते पैसेवाल्या देशांनी करावे, आणि सिद्ध झालेला उपचार आपण आयता घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. दिसायला हे व्यवहारी दिसते, पण गुदमरून जन्मलेल्या, जन्मताच न रडलेल्या बालकाच्या बाबतीत या व्यवहारीपणाची किंमत चांगलीच चुकवावी लागली असती. अशा बालकाचे शरीर बहात्तर तास ३३ ते ३४ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवले असता मेंदूची हानी टळते व मृत्यू घटतात, असे पाश्चात्त्य देशांतील चाचण्यांनी दाखविले होते, आणि २०१० च्या सुमारास तिकडे तो रूढ उपचार झाला. आपल्याकडेही तो शिरू लागला, क्वचित बर्फाच्या पिशव्यांच्या आधारे. मग भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ बालकांवर ‘हेलिक्स’ नावाची चाचणी झाली आणि तिचे फलित २०२१ साली प्रसिद्ध झाले. थंड केलेल्या गटात दीड वर्षाच्या आत ४२ टक्के मुले दगावली. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात ३१ टक्के. आपल्याकडील पुष्कळ बालकांच्या मेंदूला इजा प्रसूतीच्या बरीच आधी होऊन गेलेली असावी आणि थंड करण्याची वेळ तोवर टळलेली असावी, हा एक तर्क. या निष्कर्षाशी सहमत नसलेले जाणते बालरोगतज्ज्ञही आपल्याकडे आहेत, आणि त्यांचा वाद चालू राहणे इष्टच आहे. परंतु परदेशातील सिद्धता पासपोर्टासारखी दाखवून आपल्या वॉर्डात प्रवेश मिळतो, ही समजूत त्या चाचणीने कायमची निकालात काढली.

अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीपूर्वी आईला द्यावयाच्या स्टेरॉइडचीही तीच कथा आहे. १९७२ साली ऑकलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी दाखवून दिलेला हा उपाय श्रीमंत देशांत वरदान ठरला. पण सहा देशांतील ग्रामीण भागांत, ज्यात आपले बेळगाव व नागपूर होते, तो सरसकट पसरवून पाहिला तेव्हा २०१५ साली उघड झाले की एकंदर नवजात मृत्यू घटण्याऐवजी किंचित वाढलेच. पुढे रुग्णालयाची बरी सोय आणि गर्भाच्या वयाची अचूक खातरजमा या अटी घालून पुन्हा परीक्षा झाली, आणि २०२० मध्ये तोच उपाय लाभकारक ठरला. औषध तेच, ते कोठे, कोणाला आणि कशाच्या जोडीने द्यावे हा प्रश्न नागपूरचा होता, आणि त्याचे उत्तर ऑकलंडला मिळणे शक्य नव्हते.

आता आमच्या पक्षाचे मंडन करावयाचे तर गडचिरोलीकडे गेले पाहिजे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथे १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजातांची घरच्या घरी काळजी घेण्याचा उपक्रम केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातलीच, बेताचे शिकलेली बाई आरोग्यदूत म्हणून तयार करावयाची. तिने घरोघरी जाऊन बाळाचे वजन करावे, ऊब राखावी, अंगावरच्या दुधाची घडी बसवून द्यावी, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यावे, अशी ती योजना होती. याच संस्थेने लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी घडविलेले श्वासगणकाचे साधन आम्हांला मोठे मार्मिक वाटते: एका मिनिटाची वाळूची घटिका, आणि दर दहा श्वासांमागे एक सरकवावयाचा मणी, वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला की समजावे, औषध चालू करावयास हवे. दहाच्या पुढे मोजता न येणाऱ्या बाईलाही त्यामुळे निदान करता येते. नवजातांच्या उपक्रमाच्या तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला, आणि जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

त्या वेळी ओरड झाली ती पुन्हा वात्सल्याच्याच नावाने झाली. गावंढळ बाईच्या हाती सुई देता, गरिबांच्या मुलांना दुय्यम दर्जाचा उपचार देता, रुग्णालये बांधीत का नाही? हा प्रश्न विचारणाऱ्यांना पहिल्या दर्जाचा उपचार त्या गावापासून किती कोसांवर होता आणि पावसाळ्यात तेथवरची वाट कोणत्या नाल्याखाली जात होती, हे बहुधा ठाऊक नव्हते. त्या मुलांना प्रत्यक्षात मिळत होता तो तिसऱ्या दर्जाचाही नव्हता; शून्य होता. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, हा शास्त्रीय आक्षेप मात्र वजनदार होता, आणि त्याला उत्तर शब्दांनी न मिळता बांगलादेशातील सिल्हेट येथे मिळाले: तेथे यदृच्छेने गट पाडून केलेल्या चाचणीत घरगुती शुश्रूषेच्या गटात नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी भरले. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच गृहभेटींची पद्धत देशभर लागू झाली. गडचिरोलीची ती गावे प्रयोगापासून ‘वाचविली’ असती, तर आज बाळंतिणीच्या दारी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी कोण आले असते?

किशोरवयाबद्दल वेगळे लिहिण्याची ही जागा नव्हे, तरी एक उल्लेख अवश्य आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गर्भवती स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची अखंड नोंद ठेवली; वजनाला हलकी दिसणारी आपली बालके अंगातील चरबीच्या बाबतीत तितकी हलकी नसतात, हे त्या नोंदींतून निघाले, आणि ती मुले वयात आली तेव्हा मधुमेहाची वाट कोठून सुरू होते तेही दिसू लागले. हे ज्ञान कोणत्याही औषधाच्या बाटलीतून येणारे नव्हते. ते मिळण्यास एका पिढीची चिकाटी लागली, आणि त्या गावांतील कुटुंबांचा विश्वासही.

तो विश्वास कागदाने मिळत नाही, हा प्रतिपक्षाचा मुद्दा मात्र आम्ही शिरोधार्य मानतो, आणि आमची तजवीज त्यावरच आहे. आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांवरील मुलाची तोंडी आणि बारा वर्षांवरील मुलाची लेखी अनुमती पालकांच्या संमतीखेरीज घ्यावी लागते. चाचणीची नोंद आधी सरकारी नोंदवहीत करावी लागते. हे हुकूम चांगले आहेत. नवजाताच्या बाबतीत मात्र सर्व भार त्या एका घटकेवर पडतो, ज्या घटकेला बाई वेदनेने तळमळत असते किंवा तिचे मूल काचेच्या पेटीत निळे पडलेले असते. तेव्हा संमतीची बोलणी सातव्या महिन्याच्या तपासणीलाच सुरू व्हावीत, तिच्या सासूला व नवऱ्याला शेजारी बसवून, तिच्या बोलीत व्हावीत. नकार देणाऱ्या बाईच्या केसपेपरावर नकाराची खूण राहू नये. आणि चाचणीचा निकाल, तो संशोधकांच्या मनाविरुद्ध गेला असला तरी, ज्या गावांतून व वॉर्डांतून ती मुले आली तेथे परत जाऊन जाहीर वाचला जावा. एवढा बंदोबस्त करावयास मोठा खजिना लागत नाही. उपजिल्हा रुग्णालयातील गरोदर स्त्रियांच्या तपासणीच्या वारी एक टेबल आणि एक समजूतदार परिचारिका वाढवावी लागते.