घरची जीप : रंग, मेण आणि गंज

सावंतवाडीजवळच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. घरची काजूची बाग डोंगरउतारावर, रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि चिखल, म्हणून यजमानांनी तीन वर्षांपूर्वी चारही चाकांना जोर असलेली जीप घेतली. हप्ते अजून दोन वर्षं फेडायचे आहेत. गाडी दर रविवारी धुतात, रोज सकाळी फडका मारतात, तरी बॉनेटची चकाकी गेली आहे आणि मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली तांबूस फोड उठले आहेत. गॅरेजवाला म्हणतो, सगळी गाडीच रंगवून घ्या. आता हप्ते भरायचे की रंगाचे पैसे काढायचे, असा त्यांना पेच पडला आहे.

ताई, सगळी गाडी रंगवायची घाई करू नका. तुमच्या तक्रारी दोन आणि त्यांची कारणंही दोन. बॉनेट बिघडलं ते फडक्याने, आणि दार बिघडलं ते फडका जिथे पोचत नाही तिथल्या चिखलाने.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर रंगाचे तीन-चार थर असतात. पत्र्यालगत गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक थर. त्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. चकाकी असते ती त्याचीच. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे पोस्टकार्डापेक्षाही पातळ. त्यातला क्लिअर कोट तर ४०-५० मायक्रॉनचा, आपल्या डोक्यावरच्या केसाहूनही बारीक! आता जांभ्याची तांबडी माती वाळून बॉनेटवर बसली आहे आणि आपण तिच्यावर कोरडा फडका फिरवतो आहोत. त्या मातीत रेतीचे कण असतात, तेव्हा तो फडका राहत नाही, पॉलिश पेपर होतो. उन्हात तिरकं पाहिलंत, तर बॉनेटवर कोळिष्टकासारखे गोल गोल ओरखडे दिसतील. निस्तेजपणा म्हणजे हेच.

म्हणून पहिली गोष्ट, रोजचा कोरडा फडका आजपासून बंद. धूळ दिसली तर दिसू द्या. गाडी धुवायला पोरगा येत असेल, तर त्याला रागावू नका. एका बादलीत आणि एका फडक्यात दहा गाड्या पुसायच्या म्हटल्यावर तो तरी काय करणार? त्याला आपल्या घरची दुसरी बादली द्या.

धुवायचं ते सावलीत आणि गाडी थंड झाल्यावर. आधी फडका न लावता नुसतं पाणी. चिखलाची गाडी असेल तर पाइप प्रथम चाकांवर आणि खालच्या अंगावर धरायचा, मग टपापासून खाली. वाळलेला चिखल नखाने किंवा ब्रशने खरवडू नये, भिजू द्यावा, करपलेलं पातेलं भिजत घालतो तसा. मग एका बादलीत गाडीचा शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी घ्यावं. फडका शॅम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच पुन्हा शॅम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाला जी वाळू जमते, ती पाहिलीत की पटेल. चाकांचा फडका वेगळा ठेवा, तो बॉनेटला लावायचा नाही. शेवटी मऊ मायक्रोफायबरच्या कपड्याने पाणी टिपून घ्या, नाहीतर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात.

कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण मात्र नको. तुपकट काढण्यात त्यांचा हातखंडा, तेव्हा रंगावरचं मेणही ते काढून नेतात. काही ड्रायव्हर चकाकीसाठी रॉकेलचा नाहीतर डिझेलचा हात फिरवतात, तेही बंद करा. त्याने रबराच्या पट्ट्या फुगतात आणि त्या तेलकटावर धूळ दुप्पट बसते. पक्ष्यांची विष्ठा रविवारपर्यंत ठेवू नका. ती आम्लधर्मी असते, उन्हात तापली की क्लिअर कोटवर कायमचा डाग पाडते. ओल्या कपड्याने भिजवून अलगद उचलावी.

आता दाराखालचे फोड. मी शाळेत मराठी शिकवते, पण विज्ञानाच्या बाई स्टाफरूममध्ये शेजारीच बसतात. त्यांच्याकडून हे पक्कं ऐकलं आहे, की लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि मीठ मिळालं की काम झपाट्याने होतं. मडगार्डच्या आतल्या बाजूला, चॅसीच्या कपारीत, दाराच्या खालच्या दुमडीत चिखल बसला की तो ओल्या पोटिसासारखा दिवसेंदिवस पत्रा ओला ठेवतो. वरून गाडी आरशासारखी आणि खालून कुजते आहे, अशा कितीतरी जिपा कोकणात दिसतील. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, आत गेलेलं पाणी बाहेर यावं म्हणून. ती चिखलाने बुजतात. हिराची काडी घ्या आणि दर धुण्याला मोकळी करा. पावसाळ्यात बागेतून आल्या आल्या निदान खालून तरी पाणी मारायलाच हवं. वेंगुर्ल्या-मालवणकडे वाळूवर गाडी घालायचा मोह पुष्कळांना होतो; बऱ्याच किनाऱ्यांवर तशी बंदी आहे, आणि खाऱ्या पाण्याएवढा पत्र्याचा वैरी दुसरा नाही.

मेणाचं थोडक्यात सांगते. पॉलिश आणि वॅक्स एक नव्हेत, बरं का! पॉलिश रंग घासून पातळ करतं, तेव्हा ओरखडे दिसेनासे होतात. वॅक्स म्हणजे नुसतं वरचं पांघरूण. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा नावाचं मेण असतं, ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या पानांवरून मिळतं. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांला वितळतं, हे ८० अंशांच्या पुढे, म्हणून ते आपल्या उन्हात टिकतं. धिरड्याआधी तव्याला तेलाचा हात लावतो तितकंच लावावं, एका वेळी एकच भाग. पांढुरकं दिसलं की स्वच्छ कपड्याने पुसून घ्यावं. काळ्या प्लॅस्टिकच्या मडगार्डांना लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात. कापडी टपालाही नको. मे महिन्यात एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा आणि मध्ये जमेल तसं. पाण्याचे थेंब गोल न राहता पसरू लागले की मेण संपलं, असं समजा. हल्ली सिरॅमिक कोटिंगची जाहिरात जोरात आहे. ते मेणापेक्षा जास्त टिकतं हे खरं, पण करवंदीचे काटे आणि खडे ते अडवत नाही. बागेच्या जीपवर तेवढा खर्च मला पटत नाही.

काट्यांच्या ओरखड्यावर नख फिरवून पाहा. नख अडलं नाही तर पॉलिशने जाईल. अडलं आणि पत्रा दिसू लागला, तर त्याच आठवड्यात टच-अप करून घ्या.

तेव्हा ताई, बॉनेटला चांगल्या कारागिराकडून एकदाच मशीन पॉलिश, त्यावर वॅक्स. दरवर्षी पॉलिश नको, क्लिअर कोट संपेल. फोडांवर मात्र मेण लावून उपयोग नाही. कोरड्या दिवसांत, पावसाच्या आधी, तेवढाच भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासून, गंजरोधक प्रायमर, मग रंग आणि क्लिअर कोट, असं करायला सांगा. नुसती लांबी भरून वर रंग फासला, तर पुढच्या पावसाळ्यात फोड परत येतील. आणि रंगारी घाईत दाराखालची भोकं लांबीने बुजवून टाकतात. गाडी ताब्यात घेताना हिराची काडी जवळ ठेवा. ती प्रत्येक भोकातून आत गेली, की मगच पैसे द्या.