कर्तव्य कायद्यात, आधार कुठे?

आईला स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान होते, त्या दिवशी डॉक्टरांकडून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हाती साधारणपणे दोनच गोष्टी असतात : औषधांची चिठ्ठी आणि पुन्हा यायची तारीख. मध्यरात्री आई दाराची कडी काढू लागली तर काय करावे, जेवण होऊन पाच मिनिटे होत नाहीत तोच ‘मला उपाशी ठेवले’ अशी तक्रार ती शेजाऱ्यांकडे करू लागली तर कसे वागावे, निवृत्तिवेतनाच्या खात्यावरील सही जुळेनाशी झाली तर कोणाला भेटावे, नोकरी सोडावी की सांभाळायला बाई ठेवावी, यांपैकी कशाचेही उत्तर त्या चिठ्ठीत नसते. आजार एकाला होतो, पण तो निभावतो दुसराच कोणीतरी. आपल्या सार्वजनिक धोरणाला हा दुसरा माणूस अद्याप नीटसा दिसलेला नाही.

प्रश्न किरकोळ नाही. देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर जिथे सर्वांत दूर, तिथेच रुग्ण अधिक. या प्रत्येक आकड्यामागे किमान एक माणूस असा असतो, ज्याचा दिवस आणि रात्र दुसऱ्याच्या विस्मृतीच्या वेळापत्रकावर चालते.

या माणसाची पहिली अडचण वैद्यकीय नसून सामाजिक असते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे, की वार्धक्यातील विस्मरण हा आजार असू शकतो हेच अनेक घरांत ध्यानात येत नाही. गोव्यात २००१ च्या सुमारास झालेल्या एका गुणात्मक अभ्यासात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना परिचित होती; पण मुलांनी दुर्लक्ष केले, माया केली नाही, छळ केला म्हणून आई-वडिलांची अशी अवस्था होते, असा समज व्यापक होता. जो अहोरात्र सांभाळतो, त्याच्याच माथी दोष! अशा समाजात मदत मागणे म्हणजे कर्तव्यात कमी पडल्याची कबुली देणे ठरते आणि माणसे मदत मागायचेच टाळतात.

आपला कायदाही याच मनोवृत्तीतून विचार करतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाविषयीचा २००७ चा कायदा अपत्यावर निर्वाहाची जबाबदारी टाकतो, त्यासाठी न्यायाधिकरणे नेमतो आणि ज्येष्ठाला सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद करतो. हा कायदा आवश्यकच आहे. उपेक्षित वृद्धांना त्याने दाद मागण्याची जागा दिली. पण जबाबदारी टाळू पाहणाऱ्या अपत्याला समोर ठेवून तो रचलेला आहे. जबाबदारी घेऊन तिच्या ओझ्याखाली मोडून पडणाऱ्या अपत्यासाठी त्यात काहीच नाही. निर्वाहखर्चाची दरमहा दहा हजार रुपयांची मर्यादा काढून टाकणारे आणि घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांना नियमांच्या चौकटीत आणू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्या लोकसभेची मुदत संपली तरी ते मंजूर झाले नाही. त्यामुळे घरी येणारी ‘ब्यूरो’ची परिचारिका प्रशिक्षित आहे की नाही, तिला रास्त वेतन मिळते की नाही, याची काळजीही कुटुंबानेच वाहायची.

योजनांची उणीव आहे असे नव्हे. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकांवर दूरध्वनी सेवा आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. स्मृतिभ्रंशाचा बहुतांश काळ जातो तो घरात, आणि खर्च होतो तो सांभाळणाऱ्यांच्या पगारावर, औषधांवर, डायपरवर आणि सोडून दिलेल्या नोकरीवर. एवढ्या मोठ्या योजनेला या खर्चाचा स्पर्शही होत नाही.

सोडलेली नोकरी बहुधा सुनेची, लेकीची किंवा पत्नीची असते. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील कोणाची तरी काळजी घेण्यात वेळ देतात असे दिसले. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. यात मुलांचा सांभाळही आला, हे खरे. पण मुलाच्या सांभाळासाठी केंद्र सरकारी कर्मचारी महिलेला सेवाकाळात ७३० दिवसांची स्वतंत्र रजा मिळते, तर आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी तशी स्वतंत्र रजा नाही. नेहमीच्या अर्जित रजेतून ती घेता येते, असे सरकारने २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितले. असंघटित क्षेत्रातील स्त्रीला अर्थात तेवढाही आधार नाही.

दुसरा पेच अधिकाराचा आहे. वडिलांनी मुलाला कुलमुखत्यारपत्र दिले तरी ज्या दिवशी ते आपल्या व्यवहारांचा निर्णय घेण्यास असमर्थ होतात, त्या दिवशी आपल्या करार कायद्याप्रमाणे ते पत्र निष्प्रभ ठरते. म्हणजे नेमकी गरज निर्माण होते तेव्हाच ते निकामी होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीच्या मालमत्तेच्या व्यवस्थापनाची प्रक्रिया होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या कायद्याने उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी दिला, मालमत्तेचा प्रश्न मात्र मोकळा सोडला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, परंतु त्यातील २१ प्रकारांच्या यादीत स्मृतिभ्रंशाचा नावानिशी उल्लेख नाही. परिणामी कुटुंबे उच्च न्यायालयाचे दार ठोठावतात. बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयानेही स्मृतिभ्रंशग्रस्त आई-वडिलांसाठी अपत्याला पालक नेमल्याची उदाहरणे आहेत. पण वडिलांच्याच पैशांतून वडिलांचीच औषधे आणण्यासाठी रिट याचिका करावी लागणे ही सोय नव्हे, शिक्षा आहे.

मग काय करता येईल? याचे एक उत्तर गोव्यातच मिळालेले आहे. तिसवाडी आणि बार्देश या दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नव्हेत, तर थोडके प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्ती सहा महिने या घरी जात राहिल्या. आजार समजावून सांगणे, वर्तन बिघडले तर कसे हाताळावे हे दाखवणे, कुटुंबातील इतरांना कामाचा वाटा उचलायला लावणे, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून देणे, एवढेच त्यांचे काम. रुग्णाच्या लक्षणांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. पण सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले. चाचणी लहान होती, हे मान्य. तरीही ज्या आजारावर रामबाण उपाय नाही, तिथे सांभाळणारा शाबूत राहणे हाच रुग्णाचा सर्वांत मोठा आधार असतो.

केरळ याच दिशेने काही पावले पुढे गेला आहे. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण व कुटुंबांसाठी झटणारी राष्ट्रीय संस्था १९९२ मध्ये तिथेच स्थापन झाली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्यांना दरमहा ६०० रुपये देणारी ‘आश्वासकिरणम्’ योजना या राज्याने सुरू केली. रक्कम तुटपुंजी आहे. पण सांभाळणारा माणूस सरकारी नोंदवहीत आला, याचे मोल मोठे आहे. ग्रामपंचायतींच्या आधाराने चालणारी तिथली घरपोच परिशामक सेवा ही पुढील बांधणीसाठी तयार पायाभरणीच आहे.

साधने मर्यादित आहेत आणि कुटुंबव्यवस्था समर्थ आहे, असा प्रतिवाद होईल. पण कुटुंब समर्थ राहावे यासाठीच हा खटाटोप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या कृती आराखड्यात प्रत्येक देशाने स्मृतिभ्रंशाविषयी धोरण आखावे अशी अपेक्षा होती. भारताचा स्वतंत्र राष्ट्रीय आराखडा अजून झालेला नाही. तो होईल तेव्हा त्यात किमान चार गोष्टी असाव्यात. निदानानंतर महिन्याभरात घरी येणारा प्रशिक्षित सल्लागार. हे काम आधीच वाकलेल्या ‘आशा’ सेविकांच्या गळ्यात न मारता त्यासाठी स्वतंत्र मानधनाची पदे हवीत. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून काही तास रुग्णाला सांभाळणारे केंद्र, म्हणजे सांभाळणाऱ्याला निदान झोप घेता येईल. शुश्रूषा रजा. आणि जिल्हा पातळीवरच ठरावीक मुदतीत मिळणारे, हिशेबाला बांधलेले पालकत्व.

वृद्धांना टाकणाऱ्या मुलांच्या बातम्या आपण संतापाने वाचतो. न टाकता वर्षानुवर्षे झिजणाऱ्यांची बातमी होत नाही. पुत्रकर्तव्याचा उपदेश करणाऱ्या शासनाने या झिजणाऱ्यांकडे एकदा तरी जाऊन विचारायला हवे, ‘शेवटचे कधी नीट झोपलात?’