डॉक्टर क्विन आणि तिचे रुग्ण

वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर मी ‘डॉ. क्विन, मेडिसिन वुमन’ ही जुनी अमेरिकन मालिका पाहिली. सी.बी.एस. वाहिनीवर ती १९९३ ते १९९८ या काळात चालली. बोस्टनची डॉक्टर मायकेला क्विन १८६७ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी येते. (खरे गाव वसले १८७१ साली, पण तेवढी मुभा देऊ.) तारवाल्याने ‘मायकेला’चे ‘मायकेल ए.’ केलेले, म्हणून गाव पुरुषाची वाट पाहत असते. बाई उतरल्यावर गावाचे जे चेहरे होतात, ते मला ओळखीचे वाटले. मी अकरावीला नाव घातले तेव्हा आमच्या आळीचे असेच झाले होते.

तेव्हा जेन सेमूरने रंगवलेली ही डॉक्टरीण मला आवडली, हे आधीच कबूल करते. तक्रार वेगळी आहे. मालिकेत शायान लोकांवरचा अन्याय आहे, १८६८ चे वॉशिटाचे हत्याकांडही आहे. क्लाउड डान्सिंग हा त्यांचा वैदू क्विनला झाडपाला शिकवतो. तरीही गोष्ट राहते ती बाहेरून आलेल्या बाईच्या चांगुलपणाची. शायान माणसे सोसतात आणि ती कळवळते.

आता खरी हकीकत ऐका. १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्याच वर्षी तिथे ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश दाखल झाली. लहानपणी तिने आपल्यातल्या एका म्हातारीला मरताना पाहिले होते. सरकारी गोरा डॉक्टर पुनःपुन्हा निरोप धाडूनही आला नव्हता. १८८९ साली ती वर्गात पहिली आली आणि नेब्रास्कात आपल्याच माणसांत परतली. हजारावर लोकांची ती डॉक्टर झाली. १९१३ साली तिने वॉल्टहिल येथे रुग्णालय उभे केले आणि १९१५ साली ती वारली.

काल्पनिक क्विनला सहा हंगाम मिळतात. सुझनचे नाव मला शोधून काढावे लागले.

हे मला एवढे का लागते? गेल्या वर्षी श्रमसंस्कार शिबिर नेमके माझ्याच गावी झाले. समारोपाला एक वक्ते म्हणाले, “या अडाणी लोकांना आपण जागे केले.” समोर सतरंजीवर माझी आई बसली होती. मी व्यासपीठाशेजारी, स्वयंसेवकांत, छातीवर बिल्ला लावून उभी. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.